अंतर भागिले वेग केलं तर विमानाची वेळ का येत नाही?

प्रश्न थोडक्यात असा: मुंबई–दिल्ली हवाई अंतर कुणी १,१३८ किलोमीटर सांगतं, कुणी १,१५०, तर कुणी थेट १,४००. विमान ताशी साडेआठशेच्या वेगानं उडतं म्हणतात, मग तिकिटावर सव्वादोन तास कसे? मुलाकडे लंडनला जाताना वेळ जास्त आणि येताना कमी का लागतो? आणि त्याच दोन विमानतळांसाठी दोन कंपन्या वेगवेगळी वेळ कशी काय सांगतात?

माझी नोकरी फ्लाइट डिस्पॅचची. विमान सुटण्याआधी त्यानं कोणत्या वाटेनं, किती उंचीवरून आणि किती इंधन घेऊन जायचं, याचा कागद तयार करणारा माणूस म्हणजे डिस्पॅचर. वैमानिक त्या कागदावर सही करतो, मग विमान हलतं. त्यामुळे हा प्रश्न माझ्या रोजच्या जेवणाचाच म्हणायला हरकत नाही.

आधी अंतर, कारण ते सोपं आहे. पृथ्वीच्या गोलावर दोन बिंदूंना जोडणारी सर्वांत जवळची वाट म्हणजे बृहद्वृत्ताचा तुकडा. आमच्या खात्यात सगळे ग्रेट सर्कलच म्हणतात. प्रत्येक विमानतळाचा एक संदर्भबिंदू ठरलेला असतो, बहुतेक वेळा धावपट्ट्यांच्या साधारण मध्याशी. मुंबईच्या त्या बिंदूपासून दिल्लीच्या बिंदूपर्यंत ग्रेट सर्कलनं सुमारे ६१५ नॉटिकल मैल भरतात. एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, तेव्हा झाले १,१३८. पृथ्वी पूर्ण गोल धरली की ध्रुवांशी किंचित चपटी धरली, यावर दोन-चार किलोमीटर इकडेतिकडे होतात. १,१५० हा कुणीतरी पूर्णांक केलेला आकडा. १,४०० म्हणजे रस्ता किंवा रेल्वे. मुंबई सेंट्रलहून नवी दिल्लीला जाणारी राजधानी सुमारे १,३८५ किलोमीटर धावते. म्हणजे या आकड्यांपैकी खोटं कुणीच बोलत नाही, फक्त मोजलेल्या वस्तू वेगळ्या आहेत.

एक खबरदारी मात्र घ्या: कोणता विमानतळ, ते आधी बघा. गोव्यात दाबोळी आणि मोपा यांच्यात दक्षिणोत्तर चाळीस किलोमीटरचं अंतर आहे. मुंबईहून दाबोळी सुमारे ४२५ किलोमीटर, मोपा ३८५ च्या आसपास. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळही चालू झाला आहे. तो सांताक्रूझच्या विमानतळापासून सरळ रेषेत पंचवीसेक किलोमीटरच. दिल्लीच्या हिशोबात त्यानं फारसं काही बदलत नाही, पण डोंबिवलीहून निघणाऱ्याचं आणि बोरिवलीहून निघणाऱ्याचं सगळं गणित बदलतं. तिकीट काढताना शहराचं नाव न बघता तीन अक्षरी कोड बघा. बीओएम वेगळा, एनएमआय वेगळा.

आता वेळ. १,१३८ भागिले ८५० केलं तर एक तास वीस मिनिटं येतात आणि लोक म्हणतात, कंपनीनं वर पाऊण-एक तास चढवलाय. थोडा चढवलेला असतो, तो कुठे ते पुढे सांगतो. पण बराचसा खरोखरच खर्च होतो.

तिकिटावरची वेळ ही ब्लॉक टाइम असते: मुंबईच्या बेवरून, म्हणजे विमान उभं करण्याच्या जागेवरून, ते मागे ढकललं गेल्यापासून दिल्लीच्या बेवर थांबेपर्यंत. विमान स्वतःच चार क्षणांची वेळ नोंदवून कंपनीला पाठवतं. आऊट, ऑफ, ऑन आणि इन. दारं बंद असताना पार्किंग ब्रेक सुटला की आऊट. चाकांवरचा भार गेला की ऑफ, परत आला की ऑन. शेवटी ब्रेक लागून दार उघडलं की इन. यातला ऑफ ते ऑन एवढाच भाग खरं उड्डाण. मुंबई–दिल्लीत तो सरासरी एक तास चाळीस मिनिटांच्या आगेमागे असतो. बाकीचा वेळ जमिनीवर जातो.

मुंबईच्या जुन्या विमानतळावर धावपट्ट्या दोन असल्या तरी त्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरता येते. गर्दीच्या तासाला पंचेचाळीसच्या आसपास विमानं तिच्यावरून चढतात-उतरतात. सकाळी आठच्या सुमाराला खिडकीतून बघा, पुढे पाच-सहा विमानं रांगेत असतात. पंधरा-वीस मिनिटं तिथेच गेली. दिल्लीत धावपट्ट्या चार आहेत, पण मैदान अवाढव्य. लांबच्या धावपट्टीवर उतरलात तर विमान इतका वेळ जमिनीवरून चालत राहतं की शेजारचा प्रवासी विचारतो, आता रस्त्यानंच नेणार का?

हवेतही ८५० चा वेग सगळीकडे मिळत नाही. दहा हजार फुटांखाली साधारणपणे २५० नॉटची मर्यादा (नॉट म्हणजे ताशी एक नॉटिकल मैल). तिथून छत्तीस हजारांवर पोचायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. उतरताना उलट: उंचीच्या हजारांना तीननं गुणा, तेवढे नॉटिकल मैल आधी उतरायला लागावं लागतं. म्हणजे छत्तीस हजारांवरून खाली यायला १०८ मैल. चढ सव्वाशे, उतार एकशे दहा. ६१५ मैलांपैकी ४५० नॉटनं, म्हणजे तुमच्या साडेआठशे किलोमीटरच्या जवळपास, उडायला उरतात जेमतेम पावणेचारशे-चारशे मैल. अंतर जितकं कमी, तितका हा चढउतार जास्त खातो. म्हणूनच मुंबई–गोवा सव्वा तास. हवेत जेमतेम पाऊण तास, बाकी सगळं रांगेत. बेपासून बेपर्यंतचा सरासरी वेग काढला तर गोव्याला ताशी तीनशेच्या थोडा वर येतो, दिल्लीला सव्वापाचशे, लंडनला साडेसातशे. विमान प्रत्येक वेळी तसंच पळतंय, पण पळायला मोकळं रान लंडनच्याच वाटेवर मिळतं.

शिवाय विमान ग्रेट सर्कलवरून तंतोतंत जातच नाही. निघताना ठरलेली वाट, उतरताना ठरलेली वाट, मधे हवाईदलाची राखीव क्षेत्रं. २०२० च्या मे महिन्यात केंद्र सरकारनंच सांगितलं होतं की भारतीय आकाशाचा साठ टक्केच भाग नागरी विमानांना मोकळेपणानं मिळतो. त्यात धावपट्टी कोणत्या दिशेनं चालू आहे, हेही येतं. दिल्लीच्या धावपट्ट्या साधारण पूर्व-पश्चिम. मुंबईचं विमान नैऋत्येकडून येतं. वारा पूर्वेचा असेल तर पश्चिमेकडून जवळजवळ सरळ आत. पश्चिमेचा असेल तर शहर ओलांडून पूर्वेला जायचं आणि वळून यायचं, पाच-सात मिनिटं जादा. हा निर्णय वाऱ्याचा, त्यात कंपनीच्या हातात काही नाही.

तुम्हाला घरबसल्या अंदाज हवा असेल तर माझं सूत्र घ्या: किलोमीटरमधलं अंतर भागिले ८००, अधिक पाऊण तास. मोपा: अर्धा तास अधिक पाऊण, सव्वा तास. दिल्ली: एक पंचवीस अधिक पाऊण, दोन दहा. कोलकाता सुमारे १,६६५ किलोमीटर: दोन तास पाच अधिक पाऊण, दोन पन्नास. जेट विमानाला हे चालतं. कोल्हापूर-जळगावकडे जाणाऱ्या एटीआरला चालत नाही. ते पंख्यांचं विमान ताशी पाचशेच्या आसपासच जातं, तिथे ८०० च्या जागी ४५० घाला.

कोलकात्याचं नाव मुद्दाम घेतलं, कारण वारा समजायला त्याच्यासारखा मार्ग नाही. मुंबई–कोलकाता बरोबर ९०० नॉटिकल मैल आणि जवळजवळ सरळ पश्चिम-पूर्व. हिवाळ्यात उत्तर आणि मध्य भारतावर जेट स्ट्रीम, म्हणजे खूप उंचावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या जोरदार वाऱ्याचा पट्टा, दक्षिणेकडे सरकून आलेला असतो. आमच्या उंचीवर पश्चिमेकडून ऐंशी-नव्वद नॉटचा वारा ही जानेवारीतली नेहमीची गोष्ट. गणित सोपं करायला चढउतार सोडून द्या आणि विमानाचा हवेतला वेग ४५० धरा. वारा नसेल तर दोन तास. पाठीमागून ९० नॉट असेल तर जमिनीवरचा वेग ५४०, वेळ एक तास चाळीस. येताना तोच वारा तोंडावर, वेग ३६०, वेळ अडीच तास. जाताना वीस मिनिटं वाचली, येताना तीस गेली. वारा जाताना देतो तेवढा येताना घेतो, हा समज इथे फसतो, कारण उलट्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकून असतं. जाऊन-येऊन बेरीज केली तर वाऱ्याचा दिवस बिनवाऱ्याच्या दिवसापेक्षा नेहमीच लांब.

पावसाळ्यात हे पालटतं. जून ते सप्टेंबर आपल्या डोक्यावरचा वरच्या थरातला वारा पूर्वेकडून वाहतो. तो जोरात असतो तो आणखी वर आणि आणखी दक्षिणेला, म्हणून आमच्या उंचीवर जानेवारीइतका फरक पाडत नाही. पण जुलैत कोलकात्याला जाणारं विमान परतीच्या विमानाहून किंचित सावकाश गेलं तर नवल वाटायला नको. दिल्लीला हा खेळ फारसा जाणवत नाही, कारण तिकडे जाताना वारा बाजूनं लागतो. शंभर नॉटचा वारा अगदी काटकोनात असला तरी ४५० च्या वेगातून अकरा-बारा नॉटच जातात.

डिस्पॅचच्या कागदावर प्रत्येक टप्प्यापुढे वाऱ्याचा रकाना असतो. तिथे पी ०६० लिहिलं असेल तर साठ नॉट पाठीमागून, एम ०४५ असेल तर पंचेचाळीस तोंडावर. अनुभवी कॅप्टन कागद हातात आला की अंतर बघतच नाही. आधी वाऱ्याची सरासरी बघतो, मग इंधन. त्याची वेळ त्याच्या मनात तिथेच ठरलेली असते.

आता लंडन. इथे वाऱ्याच्या जोडीला राजकारण येतं, आणि हाच भाग मला सगळ्यांत रंजक वाटतो.

मुंबई ते हीथ्रो ग्रेट सर्कलनं ७,२०० किलोमीटर. घरी पृथ्वीचा गोल असेल तर दोरा ताणून बघा. सपाट नकाशावर पट्टी ठेवली तर रेघ इराणचा दक्षिण भाग, इराक, तुर्कस्तान अशी जाते. गोलावरचा दोरा मात्र वर सरकतो. मी हे अक्षांश-रेखांश घालून काढलेलं आहे: दोरा सौराष्ट्रावरून निघून जवळजवळ कराचीच्या डोक्यावरून जातो, मग बलुचिस्तान, इराण, बरोबर मध्यावर जॉर्जिया-आर्मेनियाच्या सीमेजवळ, तिथून काळा समुद्र, क्रिमिया, ओडेसाच्या आसपास, पश्चिम युक्रेन, पोलंड, जर्मनी आणि लंडन. ही नावं पुन्हा एकदा वाचा. युक्रेनचं आकाश २४ फेब्रुवारी २०२२ पासून बंद. पाकिस्ताननं एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमान कंपन्यांना आपलं आकाश बंद केलं, आपणही त्यांना केलं आणि ही बंदी महिन्यामहिन्यानं वाढत गेली. याआधी बालाकोटनंतर २०१९ च्या फेब्रुवारी अखेरीपासून १६ जुलैपर्यंत तेच झालं होतं. जून २०२५ मध्ये इस्रायल-इराण संघर्षात इराणचं आकाशही बंद झालं होतं. म्हणजे ७,२०० किलोमीटरची ती सुंदर रेघ कागदावर काढता येते, पण तिच्यावरून पूर्ण उडता येत नाही.

मग भारतीय कंपनीचं विमान काय करतं? मुंबईहून निघून अरबी समुद्रावरून मस्कतच्या बाजूला, तिथून आखात, इराक किंवा सौदी, तुर्कस्तान, बाल्कन देश आणि पुढे युरोप. माझ्या ढोबळ हिशोबानं मुंबईहून हा वळसा दोन-तीनशे किलोमीटरचाच पडतो. मुंबई आधीच समुद्रकाठी आणि दक्षिणेला आहे, म्हणून आपण स्वस्तात सुटतो. दिल्लीकरांचे हाल. दिल्ली–लंडन ग्रेट सर्कलनं सुमारे ६,७३० किलोमीटर, म्हणजे मुंबईपेक्षा पावणेपाचशेनं जवळ. पण पाकिस्तान बंद असताना त्या विमानाला आधी गुजरातपर्यंत खाली यावं लागतं आणि मग समुद्र गाठावा लागतो. हजार किलोमीटरच्या वर वाढले, आणि जवळचं शहर लांबचं झालं.

दोन कंपन्यांच्या वेळा वेगळ्या का, याचं एक उत्तर इथेच आहे. पाकिस्तानची बंदी भारतीय कंपन्यांच्या विमानांना आहे. ब्रिटिश कंपनीला ती लागू नाही. तिनं तिथून जायचं की नाही, हे तिचं ती ठरवते. एकाच दिवशी, एकाच शहरातून, एकाच शहराला जाणाऱ्या दोन विमानांचे मार्ग म्हणून वेगळे असू शकतात.

वेळेचा हिशोब करून दाखवतो, म्हणजे तुमच्या तिकिटाशी ताडून बघता येईल. वळसा धरून ७,५०० किलोमीटर. मोठं विमान, ७८७ किंवा ७७७, ताशी नऊशेच्या आसपास जातं. वारा नसेल तर आठ तास वीस मिनिटं. युरोपकडे जाताना पश्चिमेचा वारा तोंडावर. सगळ्या वाटेची सरासरी पंचवीस नॉट धरा, म्हणजे ताशी ४६ किलोमीटर. जाताना वेग ८५४, वेळ आठ सत्तेचाळीस. येताना ९४६, वेळ सात तास छप्पन्न. दोन्हीकडे चढउतार आणि जमिनीवरचा मिळून पाऊण तास घाला: जाताना साडेनऊ, येताना आठ चाळीस. वेळापत्रकात जाताना साडेनऊ ते सव्वादहा आणि येताना नऊच्या आसपास दिसतं, ते यावरून. वरची वीस-तीस मिनिटं हीथ्रोची आहेत. तिथे बोव्हिंग्डन, लॅम्बोर्न, ऑकहॅम आणि बिगिन अशा चार ठिकाणी विमानं एकावर एक घिरट्या घालत आपली पाळी येण्याची वाट बघतात. दहा मिनिटं तिथे जाणं हा उशीर समजतच नाहीत, ते धरूनच चालायचं.

लांबची वाट लवकर नेते, असंही होतं. २०१६ च्या ऑक्टोबरात एअर इंडियानं दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकवरून नेण्याऐवजी पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. अंतर वाढलं, वेळ घटला. पूर्वेकडे जाताना जेट स्ट्रीम पाठीशी होता.

आता तो चढवलेला वेळ. आपल्याकडे नियोजित वेळेच्या पंधरा मिनिटांच्या आत असलेलं विमान ‘वेळेवर’ धरलं जातं आणि कंपन्यांची टक्केवारी दर महिन्याला जाहीर होते. तेव्हा वेळापत्रक बनवणारा माणूस सरासरी वेळ लिहीत नाही. दहांपैकी सात-आठ विमानं ज्या वेळेत बसतील, ती लिहितो. मुंबई–दिल्ली एके काळी दोन तासांच्या आत लिहिलं जायचं. आज सव्वादोनच्या खाली क्वचितच दिसतं. विमानं हळू झालेली नाहीत, धावपट्टीपुढची रांग वाढली. यात फसवणूक आहे असं मला वाटत नाही. खोटी कमी वेळ लिहून पुढचं विमान चुकवण्यापेक्षा हे बरं. फक्त ‘वीस मिनिटं लवकर पोचवलं’ म्हणून घोषणा होते, तेव्हा ती वीस मिनिटं कुठून आली ते आपल्याला माहीत असावं. आणि लवकर पोचूनही बे रिकामा नसेल तर विमानातच बसून राहायचं, तेही आलंच.

‘उशीर झालाय, मग कॅप्टन जोरात का नाही चालवत?’ हे मला लग्नकार्यात हमखास विचारतात. ए३२० साधारण ध्वनीच्या ०.७८ पटीनं जातं. ०.८० केलं तर वेग अडीच टक्के वाढला. तो वाढतो फक्त मधल्या सपाट भागात, आणि दिल्लीच्या वाटेवर तो भाग पन्नास मिनिटांचा. मिनिटभर वाचलं. इंधन मात्र ठळकपणे जास्त जळतं. उशीर भरून निघतो तो बहुतेक वेळा सरळ वाट मिळाल्यानं, म्हणजे नियंत्रकानं मधले टप्पे वगळून थेट पुढच्या बिंदूकडे जायला सांगितल्यावर. रात्री अकरानंतरची विमानं लवकर पोचतात ती यामुळे, आणि रांग नसल्यामुळे.

डिसेंबर-जानेवारीतलं दिल्लीचं धुकं आणि जुलैतला मुंबईचा पाऊस या सूत्रात बसत नाहीत. त्या दिवशी आम्हीच वीस-तीस मिनिटं घिरट्या घालण्याचं जादा इंधन चढवतो आणि अहमदाबाद, जयपूर, गोवा असा पर्यायी विमानतळ कागदावर लिहून देतो. अशा दिवसात जोडविमान असेल तर मधे दोन तास पुरतील असं धरू नका, तीन ठेवा.

राहिलं तुमच्या मुलाला काय कळवायचं ते. तिकिटावर सुटण्याची वेळ मुंबईची असते आणि पोचण्याची लंडनची, दोन्ही स्थानिक. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत लंडन आपल्यामागे साडेचार तास, उरलेले महिने साडेपाच. दुपारी एकला मुंबईहून निघून संध्याकाळी सहाला पोचणारं उन्हाळ्यातलं विमान पाच तासांचं नाही, साडेनऊ तासांचं आहे. येताना उलटं होतं: लंडनहून रात्री निघालात तर तारीख बदलते, तेव्हा घरच्यांना विमानतळावर बोलवताना पोचण्याची तारीख सांगा, निघण्याची सांगू नका. तिकडे सहा वाजले म्हणजे विमान बेवर थांबलं. इमिग्रेशन आणि सामान धरून बाहेर यायला तास-सव्वा तास सहज जातो. आणि टर्मिनलचा आकडा त्याला नक्की कळवा. हीथ्रोचं दोन आणि तीन एकाच आवारात आहेत, तिथे चुकलं तरी चालत जाता येतं. चार आणि पाच मात्र दोन वेगळ्या टोकांना आहेत, तो चुकीच्या ठिकाणी गाडी घेऊन उभा राहिला तर आणखी अर्धा तास धरा.